टेबलावरच्या दोन बंदुका

बनेद अल-गार, सप्टेंबर १९९०. संध्याकाळ.

वरच्या मजल्यावरचा अबू फहद आज सकाळी बायकामुलांना घेऊन सौदीकडे निघाला. जाताना आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने दोन बंदुका ठेवल्या. म्हणाला, "यातली एक ठेवा. घरात मुलगी आहे."

एक आखूड नळीची रायफल, खांद्याला टेकवायचा दस्ता असलेली. दुसरी दिसायला तशीच, पण दस्ता नाही. तिला तो पिस्तूल म्हणाला.

अविनाश म्हणाला, "रायफलच घेऊ. खांद्याला टेकवली की नेम तरी लागेल."

मी म्हणाले, "आणि लपवणार कुठे? इराक्यांच्या झडतीत सापडली तर तिघांनाही भिंतीशी उभं करतील. पिस्तूल निदान तांदळाच्या डब्यात मावेल."

किती भांडलो! मी नर्स, तो एक्स-रे टेक्निशियन. जन्मात दोघांनी बंदूक धरलेली नाही. शेवटी बिनदस्त्याचं ते पिस्तूल तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि रायफल अबू फहदला परत दिली.

दुपारी इराकी सैनिक आले. टीव्ही उचलला, गाडीची किल्ली मागितली. डबा अविनाशच्या हाताशीच होता. त्याने किल्ली दिली आणि वर "शुक्रन" म्हणाला. मला त्याचा संताप आला. डब्याला हात लावला असता तर आम्ही तिघंही उरलो नसतो, हे कळतं मला. मग संताप कसला?

ते गेल्यावर सईने विचारलं, "बाबा, त्यांना थँक्यू का म्हणालास?"

तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.