गाडी आली ती कळलीच नाही

जव्हार,
११ फेब्रुवारी १९९७

प्रिय नीताताईस,
हर्षदाचा सा. न. वि. वि.

वसतिगृहात सगळं ठीक आहे, भात मात्र तुझ्या हातचा नाही. सरांनी सध्या इंग्रजीतले चाकाचे वाक्प्रचार घेतलेत. चाकाला खांदा लावणं म्हणजे झटून कामाला लागणं. चाकात दांडा घालणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं. आणि कुरकुरणाऱ्या चाकालाच वंगण मिळतं, म्हणजे जो बोलेल त्याचंच काम होतं. मला लगेच तू आठवलीस.

आई आजारी पडली म्हणून तू नववीनंतर शाळा सोडलीस. ती बरी होऊनही वर्ष लोटलं. दहावीला बसायचंय हे तू फक्त माझ्या कानात सांगतेस. बाबांना कधी सांगणार? जूनमध्ये मीच दहावीत जाईन, मग बस हात चोळत.

ती. आईबाबांना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी हर्षदा

पोशेरा,
२३ फेब्रुवारी

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सरांना सांग, आमच्या घरी उलटं आहे. आपल्या बैलगाडीचं डावं चाक इतकी वर्षं कुरकुरतंय, पण बाबा वंगण घालत नाहीत. खोडाळ्याच्या बाजारातून परतताना तो आवाज टेकडीपलीकडूनच येतो आणि आई मला भाताचं आधण ठेवायला सांगते. लहानपणी तो ऐकत आपण डोळे मिटायचो. आधी झोप यायची की गाडी, कळायचंच नाही. अजूनही दुपारी अंगणात बसलं की मला तो ऐकू येतो, गाडी गोठ्याशी उभी असली तरी.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. दहावीचं मी गाळणार होते, पण वाचलंच. बाबा उठून बैलांकडे गेले. मला भीती वाटते गं.

जिवाला जप.
तुझी ताई

पोशेरा,
९ मार्च

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद.

काल बाबा बाजारातून आले ते कुणाला कळलंच नाही. आधणसुद्धा ठेवलं नव्हतं. मी दारात आले तर गाडी उभी, चाकाला ताजं काळं वंगण आणि गाडीत पत्र्याची निळी पेटी, तुझ्या वसतिगृहातल्या पेटीसारखीच. आई रागावली, की आता गाडी आल्याचं कळायचं कसं. बाबा म्हणाले, पोरीच्या मनातली कुरकुर त्यांना कधीपासून ऐकू येत होती, पण तिच्या हातच्या भाताची सवय झाली होती. मी इतकी रडले की भात करपला. बाबांनी तोच दोनदा मागून घेतला.

जूनमध्ये एका वर्गात असलो तरी मला ताईच म्हणायचं. पेटी उशाशी ठेवली आहे. रिकामी आहे हे माहीत असूनही झाकण सारखं उघडून बघते.

माया आहेच, बाकावर तेवढी जागा धर.
तुझी ताई