कुलूप लावलेली विचारणा

मु. शहापूर

चि. नम्रता हिस,

कोंडूमामाचे आशीर्वाद. ठाण्यात जेवण वेळेवर होत असेल असं धरून चालतो (होत नसेल तर मला कळवू नकोस, तुझी आई मलाच बोलते). माझा गुडघा सोडला तर इकडे सर्व ठीक.

वाचनालयाच्या लॅपटॉपात तू प्रोग्राम बसवून गेलीस, त्याविषयी. नेट आहे का हे बघायला तो एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा करतो. शेजारच्या सभागृहाचं वायफाय ती मध्येच अडवतं आणि मोबाइल नंबर मागणारं आपलं पान पुढे करतं. नंबर टाकला की नेट सुरू. एवढं मला समजतं (कार्यवाह उगाच नाही झालो). पण गेल्या महिन्यात पेपरात वाचलं की कुलूप नसलेल्या पत्त्यावर जाऊ नये. तुझा पत्ता बघतो तर बिनकुलपाचा, एचटीटीपीच्या पुढे एसच नाही. मी एस घातला आणि समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या लहानीची मुलगी दीपिका नर्सिंगचा फॉर्म भरायला आली. शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. वायफाय जोडलेलं, पण नंबरचं पान येईना. स्क्रीनवर एकच वाक्य, कनेक्शन सुरक्षित नाही. मी लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला, सभागृहाच्या शिपायाला, हनुमानला, फैलावर घेतलं, गुडघ्यासकट गच्चीवर जाऊन वायर हलवली आणि माकडांना दोष दिला. साडेचार वाजले. पोरगी रडली नाही, नुसती फाइल छातीशी धरून बसली. मग तिने हळूच विचारलं, "मामा, काल तुमी कायतरी बदलला का?" मी अभिमानाने एस दाखवला. ती म्हणाली (कॉलेजात कॉम्प्युटर घेतलेला आहे तिने), "नेट हाय का नाय, एवढाच इचारायचा ना? त्यात लपवायचा काय? कुलूप लावला तर वायफायचा पान लॅपटॉप खोटा समजून फेकतो. कुलूप फॉर्मच्या पानाला पायजे, तिथं हायच." तिने एस खोडला. पान आलं. पाचला दहा कमी असताना फॉर्म गेला.

माझं तत्त्व बरोबरच होतं. जागा तेवढी चुकली.

तुझा,
कोंडूमामा

ता.क. चूक तुझ्या प्रोग्रामात होती आणि ती मी दुरुस्त केली, असं समितीला सांगितलं आहे. फोन आला तर हो म्हण.

ता.क. २. दीपिकाला ठाण्यातच प्रवेश मिळाला. वसतिगृहात जागा मिळायला महिना लागेल, तोवर ती तुझ्याकडे राहील असं लहानीला सांगून टाकलं आहे. हे पत्र तुझ्या हातात देऊन दारात उभी आहे ती तीच. एवढं वाचेपर्यंत तिचे पाय दुखले असतील. आधी तिला आत घे.