नमुना क्रमांक सत्तेचाळीस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त संशोधक, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी परवाच दिला आहे. बारा दिवस अन्न गोड लागलेले नाही, पण ते दाखल्यात येत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिणारीला स्वतःच्या घरचेच काही ठाऊक नव्हते.

कलम १. माझा सूक्ष्मदर्शक, काप उचलायचे बारीक ब्रश आणि छत्तीस वह्या माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीस द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. सतराव्या वहीत विभागप्रमुखांविषयी लिहिलेले तिने वाचू नये. वाचलेच तर खरे समजावे. माझ्या शोधनिबंधावर त्यांनी आपले नाव आधी घातले. ते मी माफ केलेले नाही.

कलम २. नमुना क्रमांक सत्तेचाळीसबद्दल. माझे आयुष्य एका न्यूरोपेप्टाइडमागे गेले. न्यूरोपेप्टाइड म्हणजे चेतापेशीने धाडलेला निरोप आणि रिसेप्टर म्हणजे तो घेणारे दार. वेदनेचा निरोप पोचला की हे दार काही काळ पेशीच्या आत ओढले जाते आणि दुखणे निवते. काहींचे निवतच नाही. का, ते मी शोधत होते.

सत्तेचाळीस म्हणजे देहदान केलेल्या एका माणसाच्या मज्जारज्जूचे काप. नाव गुप्त. नोंद एवढीच: पुरुष, वय अठ्ठावन्न, बैठे काम, पाठदुखी एकोणीस वर्षे. त्याची सगळी दारे सताड उघडी राहिली होती. त्याच्यावर मी अकरा वर्षे काम केले, नाव कमावले. या माणसाने किती सोसले असेल, असे मी भर सभेत सांगत असे.

आता माझ्या जुन्या संशोधन संस्थेने उरलेले काप नातेवाइकांना परत करायचे ठरवले. बारा दिवसांपूर्वी त्यांचे आभार मानायला मी मुद्दाम तिथे जाऊन थांबले. तेवढ्यात वहिनी आल्या. मला वाटले, सहज भेटायला आल्या असतील. मी म्हटले, जरा बसा, एका घरचे लोक यायचे आहेत. त्यांनी पिशवीतून संस्थेचे पत्र काढून माझ्यापुढे ठेवले. त्यावर सत्तेचाळीस लिहिले होते.

दादा शिंपी होता. माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी दुकानाचा गाळा विकला, तेव्हा तो मशीन उचलून जिन्याखाली जाऊन बसला. पदवी घेऊन आल्यावर मी गिऱ्हाइकांदेखत त्याला अडाणी म्हटले. पुढे बावीस वर्षे, मरेपर्यंत, तो माझ्याशी बोलला नाही. तो गेल्याचे कळून मी पोचले तर घरात देह नव्हता. त्याच्या इच्छेप्रमाणे देऊन टाकला, एवढेच वहिनी म्हणाल्या. शेवटचे तोंडसुद्धा पाहू दिले नाही म्हणून मी चडफडत परतले. कुठे दिला, हे विचारले नाही.

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी पत्रावरचा आकडा पुन्हा वाचला. मग त्यांनीच सांगितले. अर्ज भरताना दादा म्हणाला होता, "पाठीवर काम करणारी इथं तीच एक आहे, तिच्याकडेच जाईन. पण सांगू नका. तिचा हात थरथरेल."

अबोल्याच्या त्या वर्षांत सणावारी घरी गेले की मशीनवरून उठताना तो भिंत धरायचा, हे मी पाहिले होते. पाठ कशी आहे, असे एकदाही विचारले नव्हते.

कलम ३. उरलेले सहा काप वहिनींच्या हाती दिले आहेत. त्यांवर माझा कसलाही हक्क नाही. माझ्या मागे माझेही देहदान करावे. माझे नाव मात्र झाकू नये.

कलम ४. माझी सर्व बचत पाठदुखीच्या धर्मादाय दवाखान्यास द्यावी. शिवणकाम करणाऱ्यांना तिथे आधी घ्यावे.

कलम ५. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, मी वहिनींच्या नावे लिहिले होते. काल वकिलांनी मसुदा वाचून दाखवला आणि साक्षीदार कोण, असे विचारले. वहिनी म्हणाल्या, मी. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी समजावले.

"मग घर खोडा," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी काय दिलं, याची साक्ष मीच देणार."

सबब घर त्यांच्या मुलीस, म्हणजे माझ्या भाचीस, द्यावे.

वरील मजकूर वाचून, समजून मी दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार पहिले: तपासणारे डॉक्टर
साक्षीदार दुसऱ्या: वहिनी, सत्तेचाळीस क्रमांकाची पत्नी

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ११ ऑगस्ट, सकाळी साडेदहा