बाबांच्या खिशातला कॉम्प्युटर

मंगळवार, संध्याकाळ. आखाडा बाळापूर.

आमच्या कंपनीचे खिशात मावणारे पहिले कॉम्प्युटर उद्या गिऱ्हाइकांकडे रवाना होणार होते. त्यातलाच एक मी बाबांना वापरायला दिलाय. सदऱ्याच्या खिशात घालून ते बाजारभर फिरतात, "पोरीनं बनवला" म्हणून सगळ्यांना दाखवतात.

आज आंघोळ करून बाबा बाहेर आले आणि छातीवर लालभडक चट्टा दिसला. बराबर खिशाच्या जागी.

"हे काय झालं?"

"काई न्हाई. ऊन लागलं."

सदऱ्याच्या आत ऊन? मी हटून बसले तेव्हा बाबा म्हणाले, "कधीमधी तापतंय ते."

"मग सांगितलं काहून न्हाई तुमी?"

"तुझं आत्ता कुठं जमून राहिलं, माय. मी काहून तकलीफ देऊ?"

तो चट्टा डोळ्यांपुढून हलत नाही. बॅटरीचा दोष असेल? या एकातच, की सगळ्यांत? उद्या एखाद्या लेकराच्या खिशात तापला तर?

पुण्याला मेघनाला फोन केला. कंपनी आम्हा दोघींची. "एका नगासाठी सगळा माल थांबवायचा?" तिनं विचारलं. थांबवायचा, म्हटलं. मग ती म्हणाली, "बरं. उद्या मालाची गाडी नको म्हणून कळवते."

चुकले तर नाही ना? गिऱ्हाइकं थांबतील का आता?

बाबांना मलम लावलं. दुखतंय का, विचारलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सांगितलं तर अजून काय काय थांबवशील?"