नावेतली झोप

प्रिय ताईस,

प्रभूमध्ये सलाम. तुझा गुडघा आता बरा असेल. नसला तरी दाजींसमोर कुरकुर करू नकोस, त्यांना लगेच स्वतःची कंबर आठवते. इकडे आम्ही दोघं ठीक.

कळवायचं म्हणजे, हिनं मला चर्चमध्ये वचनावर मनन करायच्या वर्गाला ओढून नेलं. पाळकसाहेबांनी सगळ्यांना एकच उतारा दिला, वादळात नावेत उशी घेऊन झोपलेला येशू, घाबरून त्याला उठवणारे शिष्य, आणि त्यानं 'उगा राहा' म्हणताच शांत झालेला समुद्र. पुरुषांना एका खोलीत बसवलं, बायकांना दुसरीत. वीस मिनिटं गप्प बसायचं, मग मनात काय आलं ते सांगायचं. (पस्तीस वर्षं नळ दुरुस्त केलेला माणूस मी. गळती बंद करता येते, तोंड नाही.) आमचं मनन पाचव्या मिनिटालाच फुटलं. निवृत्त बसचालक म्हणाला, असल्या हवेत नाव सोडलीच कशी? मी विचारलं, पाणी वरून आलं की फटीतून? त्यावर सुताराला राग आला. (जणू ती नाव त्यानंच बांधली होती!) त्यानं फळ्यावर नावेचा आराखडा काढून सांधे दाखवले. पाळकसाहेब आले तेव्हा आम्ही तिघं खडूसाठी भांडत होतो.

मग सगळ्यांना एकत्र बसवलं. बायकांचे डोळे लाल. त्यांच्या वतीनं हीच उठली आणि एवढंच म्हणाली, "एवढ्या लाटांत झोप लागली, म्हणजे किती दमला असेल तो! आणि उठवून विचारलं काय, तर तुला आमची काळजी नाही का!"

सुतारानं उठून फळा पुसला. मला मात्र आई दिसली गं. इस्पितळाच्या धुलाईखान्यातून आलेली, पायात चपला तशाच, खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली, हातांना साबणाचा वास. आणि आपण दोघं एका पेन्सिलीवरून भांडत तिला गदागदा हलवतोय. ती डोळेसुद्धा न उघडता म्हणायची, "उगी राहा रे." आणि आपण खरंच उगी राहायचो. सगळ्यांदेखत माझे डोळे भरून आले. (रुमाल बायकांकडून मागून घ्यावा लागला.)

दाजींना सलाम.

तुझा धाकटा

ता.क. ही म्हणते, खरं काय ते लिहा. डोळे भरले नव्हते, मी हुंदके देऊन रडलो.

आणखी ता.क. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. आईचा तसाच, खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपल्याचा एक फोटो तुझ्याकडे होता. ती गेल्यावर मीच तुला म्हणालो होतो, असला फोटो ठेवू नकोस, फाडून टाक. फाडला नसशील तर पाठव. फाडला असशील तर तसं कळवू नकोस. सापडत नाही म्हण. मी शोधायला येतो.