दोनाच्या डोक्यावरचा तीन

सर, तुमचं पुस्तक मी मुद्दाम बिघडवलं. कॉम्प्युटरनं न्हाई.

रिटायर झाल्यावर तुमी दोन बोटांनी वर्डमधी गणिताचं पुस्तक टाईप केलं अन् पेनड्राईव्ह घेऊन घाटनांदूरला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आलतात. "पीडीएफ कर. पण प्रत्येक सूत्र जिथल्या तिथं राहिलं पाहिजे." सोपं व्हतं. वर्डमधूनच पीडीएफ केली असती तर टिंबसुदिक हललं नसतं. पण तुमी गिऱ्हाइकांदेखत म्हणलात, "याला बाकावर उभा करून घातांक शिकवला, तरी डोक्यात शिरला नाही." माणसं फिदीफिदी हसली. बाकाचं खरं हाय. दोनाच्या डोक्यावरचा बारका तीन मी विसरलतो, तर तुमी खाली एक पोरगं दोन म्हणून बसवलं, मला वर चढवलं अन् वर्गाला सांगितलं, "हा तीन. खाली उतरला की किंमत गेली." पोरं वर्षभर मला तीन्या म्हणायची.

म्हणून तुमची फाईल मी उचलून नोटपॅडात ओतली, तिथून परत वर्डात, मग पीडीएफ. वरचे समदे आकडे धपाधप खाली. वर्गमुळांचं छप्पर उडालं. दोस्त म्हणला, "बे, म्हातारा वाचंल की!" म्हणलं, "मोतीबिंदू हाय त्याला. काय वाचतोय?"

त्याच पीडीएफवरून पुस्तकं छापली. शाळेत प्रकाशनाला मी मागं उभा. तुमी पुस्तक एका पोरीला वाचायला देता. ती खड्या आवाजात वाचती, "तेवीस बरोबर आठ." समदी शाळा हसायला लागती. तुमी पुस्तक डोळ्यांजवळ नेता, लांब नेता, परत जवळ. अन् सगळ्यात मोठ्यानं मी हसतोय.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलात. "कशामुळं झालं रे असं?" म्हणलं, "कॉम्प्युटरचं काय सांगावं, सर." तुमी म्हणलात, "तुझा दोष नाही. मीच तपासायला पाहिजे होतं." मग घरी बसून एकेका पुस्तकात पेनानं आकडे वर चढवत राहिलात, ते बी भलत्याच ओळीवर. पुस्तकं सरायच्या आधी तुमीच गेलात.

परवा काकू आल्या. आईबाप ऊसतोडीला गेले की ज्यांच्या चुलीपाशी मी भाकरी खायचो, त्याच काकू, तुमच्या मंडळी. हातात तोच पेनड्राईव्ह. "एकदा नीट छापू रे. इतकी वर्षं झाली, तरी लोक तेवीस बरोबर आठ म्हणून हसतात यांना." मी उघडला. एकूणएक आकडा जागेवर, तुमी बसवलेला तसा. नीट छापलं तर बिघडवलं कुणी ते गावाला कळणार. स्क्रीन माझ्याकडं वळवली अन् म्हणलं, "खराब झालाय, काकू. कायबी निघत न्हाई." त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला. "जेवलास का?" म्हणाल्या, अन् गेल्या.

त्या बसल्या व्हत्या तवाच फाईल मी माझ्याकडं उतरवून घेतली. कशाला, ठाव न्हाई. रोज उघडतो, बघतो, बंद करतो.

माझा बाप मरेपर्यंत फडावर कोयता टेकून सांगायचा, "सरांचं पुस्तक माझ्या पोरानं बनवलंय." तिकडं भेटला असंल तुमाला. त्याला सांगू नका, सर. हात जोडतो, पाया पडतो. कुणालाच सांगू नका.