वांग्याच्या भाजीचं तेल

बाई, त्या सकाळी मी डाव्या हाताने चूल सारवली, डाव्या हाताने पाणी भरलं आणि डाव्याच हाताने भाकरी थापायला बसले. ती परातीतच फाटली. उजवा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मालक जाऊन फार दिवस झाले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "लोनावळ्याला मिशनच्या दवाखान्यात जा. पर त्येंचं पानी पिऊ नगं, बाटवत्याल." मी जवळच्याच आमच्या औंढे गावाहून चालत आले. डॉक्टरांनी हात वाकवून, टोचून पाहिला; म्हणाले, हाडाला, शिरेला काही झालेलं नाही. मग तिथल्या नर्स म्हणून तुम्ही मला मागच्या स्वयंपाकघरात नेलंत, पळीत गोडं तेल कोमट केलंत आणि माझा हात चोळायला घेतलात. मी भीतभीत विचारलं, "त्याल मंतरल्यालं हाय का?" तुम्ही हसलात. "याच तेलात दुपारी वांगी पडणार आहेत. ती वांगी बाटली, तर तूही बाटशील."

तुम्ही सांगितलंत, की तुमच्या धर्माच्या अगदी सुरुवातीच्या काळात लोक प्रार्थना केलेलं तेल घरी न्यायचे आणि आपल्या आजारी माणसाला आपल्याच हाताने लावायचे. वाळवंटात राहणारे म्हातारे साधू तर मनात साचलेलं कुणापाशी बोलून टाकणं हेच औषध मानायचे. मला काही कळलं नाही. चोळताना तुमचे ओठ हलायचे, आणि मधेच तुम्ही विचारायचात, "आज काय रांधलंस?" मी दर बाजाराला येत राहिले. एकदा रांधलेलं सांगता सांगता तोंडून निघून गेलं, "बांगड्या फोडताना ह्यो हात माज्या आईनंच दाबून धरला व्हता." तुम्ही चोळत राहिलात. पुढच्या खेपेला मी उजव्या हाताने पदर सावरला. ते आधी तुम्हीच पाहिलंत.

नंतर मी वाचायला शिकले, वाचनालयातून मनाच्या आजारांची पुस्तकं आणली. एक म्हणतं, दुःख अंगात गोठतं, बोललं की सुटतं. दुसरं म्हणतं, आजाऱ्याचा विश्वासच त्याला उठवतो. पण माझा विश्वास होता कुठे? मी तर तुमचं पाणीही प्यायले नव्हते. मग हात कशाने उठला, बाई? तेलाने, तुमच्या ओठांतल्या शब्दांनी, की आईचं बोलून गेले म्हणून? की तोच हात पुन्हा कुणी धरला, पण दाबला नाही, म्हणून? एक उत्तर धरावं तर दुसरं खोटं वाटत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत?

परवा शेजारीण दारात आली. तिचा मुलगा गेला, तेव्हापासून सुनेची वाचा बसलीय. "मावशी, त्या बाईंचं त्याल हाय का थोडं?"

"अगं, ते भाजीचंच तेल होतं."

"आसंल. पर तुमी लावा. मला बघून ती भिती."

मलाच न कळलेलं औषध दुसऱ्याला कसं द्यायचं?

दुसऱ्या दिवशी मी पळीत तेल कोमट केलं, तिच्या घरी गेले आणि सुनेचा हात चोळत विचारलं, "आज काय रांधलंस?" ती बोलली नाही. तुमचे शब्द मला ठाऊक नव्हते, बाई. मी नुसतेच ओठ हलवले.